एकेकाळी डोक्यावर घेतलेले सिनेमे आज बघवतात का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा दाखवतो. परवानगीची पत्रापत्री समितीतले एक काका बघतात, सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आहे. पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा, मध्ये आमच्या वयाचे, मागे सतरंजीवर कॉलेजची मुलं. फर्माईश ठरलेली असते: "आमच्या वेळचा एखादा गाजलेला लाव गं."

गाजलेला लावला की पहिला अर्धा तास सगळे खुशीत. नावं पडद्यावर आली की टाळ्या, ओळखीचं गाणं लागलं की आज्या गुणगुणतात. पुढे मात्र कधी कधी सगळं थंड पडत जातं. 'माहेरची साडी' लावला तेव्हा हे फार जाणवलं. १९९१ साली हा सिनेमा काय चालला होता ते आमच्या पिढीला सांगायला नको. पण ज्यांनी तो लावायचा हट्ट धरला होता त्यांच्यातल्याच काहीजणी मध्यंतरानंतर चुळबुळ करायला लागल्या. एक आजी मोठ्यानेच म्हणाल्या, "अगं, बोल की काहीतरी!" मागच्या मुली केव्हाच मोबाईलमध्ये गेल्या होत्या.

'अशी ही बनवाबनवी'ला याच्या अगदी उलट. १९८८ चा सिनेमा, पण जागचं कुणी हललं नाही. मुलांना संवाद आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मला वाटतं याचं कारण नुसती विनोदाची फोडणी नाही. पुण्यात एकट्या मुलांना जागा मिळत नाही, एवढ्या एका खऱ्या गरजेवर सगळा डोलारा उभा आहे. आजही आमच्या सोसायटीच्या बोर्डावर 'फ्लॅट भाड्याने देणे, फक्त फॅमिली' असंच लिहिलेलं असतं. घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) आणि भाडेकरू माने (अशोक सराफ) यांचा तो प्रवेश पुन्हा नीट बघा. विषय काय, तर इस्राइलचं औषध आणि सत्तर रुपये. दोघंही कमालीच्या सभ्यपणे बोलतात, आणि त्या सभ्यपणातून घरमालक-भाडेकरू हे नातं पुरतं कळतं. वसंत सबनिसांनी तिथे एक वाक्य फुकट घालवलेलं नाही. बाईचं सोंग घेतलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेच्या खोट्या गरोदरपणासाठी केलेलं डोहाळ्यांचं गाणं आज खऱ्या डोहाळजेवणात लावतात, इतका हा सिनेमा घरचा होऊन गेलाय. बायकांच्या शरीरावरून केलेले काही विनोद मात्र आता खटकतात, आणि ते खटकायलाच हवेत.

तर प्रश्न असा. एकेकाळी ज्यांच्यासाठी रांगा लागल्या, असे कोणते सिनेमे तुम्ही अलीकडे पुन्हा पाहिलेत? काय टिकलं, काय नाही, आणि का? नुसती नावं नकोत. पुन्हा पाहिला असेल तरच लिहा, कारण मला पुढच्या महिन्यांची यादी करायची आहे.

---

बूथवाला

ताई, मी पुण्यातल्या एका थेटरात प्रोजेक्टर चालवायचो. थेटर आता नाही, नोकरीही संपली, पण हा प्रश्न आम्ही बूथमध्ये रोज बघितलेला आहे म्हणून लिहितो.

बूथच्या झरोक्यातून पडदा दिसतो आणि माणसांच्या डोक्यांची मागची बाजू दिसते. सिनेमा पकड घेतोय की नाही ते डोक्यांवरून कळतं. डोकी हलायला लागली, की बाहेर कितीही हाऊसफुल्लचा बोर्ड असू दे, सिनेमा फार दिवसांचा नाही. आणि पहिल्या आठवड्यातल्या शिट्ट्यांवर कधी जायचं नाही. ती जाहिरातीची आणि हिरोच्या नावाची गर्दी असते.

१९७५ सालचे दोन सिनेमे घ्या. 'शोले' आणि 'जय संतोषी माँ'. दोन्ही तुफान चालले. 'शोले'ला पहिल्या काही दिवसांत लोक पडेल म्हणत होते, नंतर तो चढत गेला. 'जय संतोषी माँ'चा खर्च त्याच्यापुढे काहीच नव्हता. पण बायका चपला काढून आत बसायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी पडायची. पुढे मी दोन्ही सिनेमे मॅटिनीला चालवले. संतोषीमातेच्या वेळी थेटर शांत होतं. कुणी वाईट म्हटलं नाही, पण कुणी फुलंही आणली नव्हती. शुक्रवारचा उपास, आंबट वर्ज्य, गूळ-चण्याचा प्रसाद हे जोवर घरोघरी होतं तोवर सिनेमाला बाहेरून बळ मिळत होतं. ते ओसरल्यावर सिनेमाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं आणि ते जमलं नाही. गाणी तेवढी अजून मंडपात वाजतात.

'शोले'ला मात्र मॅटिनीच्या गर्दीतही लोक संवाद आधी म्हणायचे. संवादांची वेगळी रेकॉर्डच निघाली होती, त्यामुळे पाठच होते. पण मी रोज एकच जागा बघायचो. अहमदला गब्बरच्या माणसांनी धरून आणलंय. गब्बर आडवा पडलाय, हातावर मुंगी चढते, तो तिच्याकडे बघतो आणि चिरडतो. बस. पुढे थेट गावात घोड्यावरून प्रेत येतं. मारताना काही दाखवलंच नाही. आणि तिथे दर खेळाला डोकी स्थिर व्हायची, ज्यांनी आधी बघितलाय त्यांचीसुद्धा. जो सिनेमा पुढचं माहीत असूनही डोकी स्थिर करतो, तो टिकला असं मी समजतो.

अजून एक. जुना सिनेमा युट्यूबवर बघून 'टिकला नाही' असा निकाल देऊ नका. जुन्या रंगीत प्रिंटा काही वर्षांनी लाल पडायच्या, रिळाच्या टोकाला ओरखडे यायचे, तुटलं की आम्ही दोन-चार फ्रेम कापून जोडायचो. असं दहा गावं फिरून आलेल्या प्रिंटेवरून कॅसेट निघाली असेल, तर तुम्ही सिनेमा बघत नाही, त्याचे हाल बघताय.

---

हडपसरची

सिंहगडरोडकर ताई, राग मानू नका, पण 'माहेरची साडी'बद्दल मला बोलायलाच हवं.

माझी आई मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. तिने तो सिनेमा थेटरात बघितला, वस्तीतल्या बायकांबरोबर, टेम्पो करून. बारा ते तीनचा खेळ. मी लहान होते, मांडीवर बसले होते. पडद्यावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण आजूबाजूच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि कुणी कुणाला गप्प करत नव्हतं, हे पक्कं आठवतं. आई घरी कधी रडली नाही. एका खोलीत सासू, दीर आणि आम्ही. रडायचं कुठे? तीन तास अंधारात बसायला मिळालं आणि शेजारी बसलेली प्रत्येक बाई तेच करत होती.

त्यातली लक्ष्मी जन्मताच आई जाते आणि बाप आयुष्यभर पोरीला पांढऱ्या पायाची समजतो. विक्रम गोखल्यांचा तो बाप आमच्या गल्लीत राहायचा. उषा नाडकर्णींची सासू तर विचारूच नका. लोक म्हणतात अतिरंजित. ज्यांना तसं वाटतं त्यांचं मला बरंच वाटतं, त्यांनी ते घर बघितलेलं नाही.

आणि ही गोष्ट मुळात मराठी नाहीच. आधी राजस्थानीत 'बाई चाली सासरिये' आला, मग आपल्याकडे 'माहेरची साडी', मग १९९४ ला हिंदीत 'साजन का घर', जुही चावलाचा. तीन भाषांत तेच दुःख चालतं म्हणजे त्या काळी तेवढ्या बायका होत्या. नुसत्या हवेवर इतकी तिकिटं खपत नाहीत.

आज मला तो सलग बघवत नाही, हेही सांगते. अलका कुबलचं काम मला आजही खरं वाटतं. पण सिनेमा तिला बाहेर पडायची एकही वाट देत नाही. माझी आई पुढे वेगळी राहिली, स्वतःचा गाळा घेतला, सिनेमातली लक्ष्मी मात्र तिथेच अडकली. तुमच्या त्या आजी "बोल की काहीतरी" म्हणाल्या ना, ते मला फार आवडलं. १९९१ ला त्या तसं म्हणाल्या असत्या का? सिनेमा तोच आहे, आजी पुढे आल्यात.

---

पौडफाटा_०१

काकू, तुमच्या सतरंजीवाल्या पब्लिकच्या वतीने लिहितो.

आमच्या वेळचा गाजलेला म्हणजे 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. शाळेच्या सुट्ट्या लागल्या होत्या, आम्ही सगळी गँग गेलो होतो. 'झिंगाट'ला थिएटरमध्ये जागा मिळेल तिथे पोरं नाचत होती. नंतर गणपतीत, वरातीत, गॅदरिंगला तेच. इतकं ऐकलं की गाणं लागलं तरी मी उठून जायचो. त्यामुळे मला खात्री होती की हा सिनेमा आता बघवणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात रूमवर पुन्हा लावला. बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की पूर्वार्ध मुद्दाम सिनेमासारखा केलाय. स्लो मोशन, अजय-अतुलचा तो प्रचंड ऑर्केस्ट्रा, विहिरीत उड्या. परश्याला आणि आर्चीला त्या वयात जग तसंच दिसतं ना. मध्यंतरानंतर हैदराबादला गेल्यावर ते सगळं नाहीसं होतं. झोपडपट्टीतली खोली, सार्वजनिक संडास, डोशाची गाडी. पाटलाच्या घरात बुलेट चालवणारी आर्ची तिथे पाण्याच्या बादलीपाशी उभी राहते आणि तिला काय करायचं ते कळत नाही. आणि परश्या, ज्याच्यावर आपण तासभर जीव टाकलाय, तो संशय घेतो, तिच्यावर हात उचलतो. नागराज मंजुळे त्याला तिथे वाचवत नाहीत. २०१६ ला मला तो भाग कंटाळवाणा वाटला होता, आता तोच सिनेमा वाटतो.

शेवटाबद्दल काय लिहू. लहान मूल बाहेर येतं, पावलं रक्ताची, आणि आवाज पूर्ण बंद. त्या दिवशी नाचणारी तीच पोरं जिना उतरताना एकमेकांशी बोलत नव्हती. हवा गाण्यांची होती, गर्दी गाण्यांमुळे आली, आणि आत बसवून जातीबद्दल जे सांगायचं होतं ते सांगितलं. २०१८ ला हिंदीत 'धडक' केला, 'झिंगाट'ही घेतलं, पण जातीची धार बोथट केली. आज त्याचं नाव कोण काढतं?

'दुनियादारी' पण बघितला पुन्हा. २०१३ ला आमच्या दादा लोकांनी डीपी, स्टेटस सगळं त्याचं ठेवलं होतं. आता जमला नाही. सुहास शिरवळकरांची कादंबरी नंतर वाचली, तिच्यातल्या कट्ट्यावर बसलेली पोरं मला माहितीची वाटली. सिनेमात बेलबॉटम आणि गॉगल जास्त, पोरं कमी.

उलटा प्रकारही घ्या यादीत. 'तुंबाड' २०१८ ला आला तेव्हा फार लोकांनी बघितला नाही, आणि २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. तिथे हवाच नव्हती, त्यामुळे ओसरायला काही नव्हतं.

---

लॉकॉलेजरोड

चर्चा १९७५ पर्यंत मागे गेलीच आहे, तर अजून मागे नेतो. 'संत तुकाराम', १९३६. पुण्याचाच सिनेमा आहे. लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे प्रभातचा स्टुडिओ होता, दामले आणि फत्तेलाल यांनी तिथेच केला. कुणी याला उगाच 'क्लासिक' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवू नये. त्या काळातला तो तुफान गर्दी खेचणारा सिनेमा होता, मुंबईत वर्षाहून जास्त चालला, आणि १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

मी तो पहिल्यांदा फिल्म आर्काइव्हच्या थिएटरमध्ये पाहिला. मनाची तयारी केली होती की चमत्कार बघताना हसू येणार. ट्रिक सीन जुने दिसतातच, शेवटी गरुडावरून वैकुंठाला जातात तेव्हा तर उघडच. हसलं मात्र कुणी नाही. याचं श्रेय विष्णुपंत पागनीसांइतकंच गौरीच्या जिजाईला आहे. घरात दाणा नाही, पोरगं आजारी आहे आणि नवरा भजनात आहे. ती पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण काढून पांडुरंगावर उगारते. भक्तिपटात, १९३६ साली! तिला देवाचा राग आहे, नवऱ्याचा राग आहे आणि दोघांवर जीवही आहे. तिचं रागावणं इतकं घरातलं आहे की ती बोलायला लागली की समोरचा काळ विसरायला होतो. त्या सिनेमात तुकोबांच्या वाट्याला आकाश आहे आणि जिजाईच्या वाट्याला चूल, आणि दिग्दर्शकांनी चुलीची बाजूही पुरेपूर मांडली आहे.

'आधी बीज एकले' हे त्यातलं पद शांताराम आठवल्यांनी लिहिलंय. अनेकांना ते तुकोबांचाच अभंग वाटतं. माझ्या मते तो सिनेमा किती आत मुरला याचा हा सर्वांत मोठा पुरावा.

टिकण्यासाठी जुनं किंवा गंभीर असणं पुरत नाही, तेही सांगतो. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, अनंत मान्यांचा. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. पुन्हा पाहिला तेव्हा हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांच्यावरून नजर हटत नव्हती, 'बुगडी माझी सांडली गं' आजही अंगावर येतं, पण कथानकातल्या योगायोगांनी मला दमवलं. मी तो पूर्ण दाखवण्याऐवजी गाणी आणि दोन-तीन प्रवेश दाखवीन.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

हडपसरची, तुझा प्रतिसाद मी आमच्या त्या आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "१९९१ ला मी पण रडलेच होते." लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं त्या माणसात कशा राहिल्या ते मग सांगत बसल्या. शेजारी राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. तरी एका गोष्टीवर माझं मत बदलत नाही. सिनेमाने लक्ष्मीचं दुःख दाखवलं याबद्दल तक्रार नाही, सोसण्याची पूजा केली याबद्दल आहे. जिजाईसुद्धा सोसते, पण ती वहाण उगारते. दोन सिनेमांमध्ये पंचावन्न वर्षांचं अंतर आहे आणि जुन्यातली बाई जास्त मोकळी आहे, हे मला फार लागलं.

बूथवाला काका, डोक्यांची कसोटी मी लक्षात ठेवणार आहे. 'बनवाबनवी'च्या वेळी डोकी हलत होती, पण हसून.

यादी अशी ठरवतेय: आधी 'संत तुकाराम', मग 'सैराट', मग 'शोले'. 'सैराट'ला लहान मुलं आणू नका अशी सूचना ग्रुपवर टाकेन. समितीतल्या एका सदस्यांना तो 'फॅमिलीसाठी योग्य नाही' असं वाटतं. मी त्यांना सांगितलं की तो फॅमिलीबद्दलच आहे. 'शोले'चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो आणि पोलीस मध्ये पडत नाहीत, तो असलेली आवृत्ती दाखवावी की आपण सगळ्यांनी पाहिलेली? मला दुसरी बरी वाटते. लोकांच्या मनात जी आहे तीच आधी दाखवावी.

---

बूथवाला

बरोबर आहे ताई, लोकांना माहीत असलेलीच लावा, मग हवं तर मूळ शेवट वेगळा दाखवा.

दोन कामाच्या गोष्टी. 'संत तुकाराम'चा आवाज जुन्या पद्धतीचा आहे. स्पीकरचा बास पूर्ण खाली घ्या, नाहीतर नुसती घरघर येईल आणि पागनीसांचे शब्द कळणार नाहीत. दोन्ही स्पीकर पडद्याजवळ ठेवा, मागे ठेवू नका. आणि 'सैराट'च्या शेवटी आवाज जातो तेव्हा कुणीतरी वायर निघाली समजून ॲम्प्लिफायरकडे धावणार, हे ठरलेलं आहे. जो मुलगा मशीन बघतो त्याला आधीच सांगून ठेवा की हात लावायचा नाही.